ॲक्सिलरेटरखालची भाकरी

"बाई, तुमचं वजन किती?"

हा प्रश्न मला आयुष्यात एकाच पुरुषानं विचारला, आणि तोही सकाळी सकाळी, भर अंगणात, गल्लीतल्या बायका नळावर घागरी लावून उभ्या असताना. विचारणारे माझे घरमालक. मी तेव्हा सोलापुरात नवी. वाईहून येऊन एका मुलींच्या शाळेत नोकरीला लागले होते आणि सात रस्त्याजवळच्या एका गल्लीत त्यांच्या घराची मागची खोली भाड्यानं घेतली होती. मी ताडकन म्हटलं, "तुम्हाला काय करायचंय?" तर ते शांतपणे म्हणाले, "मला काही नाही करायचं. जीपला करायचंय."

नळावरच्या बायकांनी पदर तोंडाला लावले. मी रागानं लाल झाले. ते मात्र माझ्याकडे बघतसुद्धा नव्हते, त्यांचे डोळे जीपकडे. येत्या रविवारी मी त्यांच्याबरोबर त्यांच्या बायकोच्या गावी जायचं ठरलं होतं, आणि माझ्या येण्यानं पेट्रोल किती जास्त जाणार याचा अंदाज त्यांना आधीच हवा होता. मी आकडा सांगितला नाही तो नाहीच. मग त्यांनी मला एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं, बाजारात ज्वारीचं पोतं बघावं तसं, आणि म्हणाले, "चालेल. पण डबा घेऊ नका. तिथं जेवण आहे."

मी त्यांना काका म्हणायची. गल्ली त्यांना साहेब म्हणायची. सरकारच्या बांधबंदिस्तीच्या खात्यात त्यांनी सगळी नोकरी काढली. कुठल्या रानात बांध घालायचा, पाणी कुठं अडवायचं, हे बघत गावोगाव हिंडायचं काम. महिन्यातले बहुतेक दिवस फिरती. तिकडं केमपासून इकडं अक्कलकोटच्या हद्दीपर्यंतचा ओढान्‌ओढा त्यांना तोंडपाठ होता. ते निवृत्त झाले आणि त्याच सुमारास खात्यानं त्यांची जुनी जीपही मोडीत काढली. लिलावात काकांनी ती घेतली. लोक निवृत्त झाल्यावर काशीला जातात, घरावर मजला चढवतात. ह्यांनी जीप घरी आणली.

बरं, आणली ती आणली. पुढं अरबांनी तेलाचे भाव वाढवले आणि पेट्रोल असं काही भडकलं की आमच्या शाळेच्या चेअरमननी मोटारीवर चादर टाकून सायकल काढली. गल्लीला वाटलं, साहेब आता जीप विकणार. छे! साहेबांनी तिला अर्धपोटी राहून पळायला शिकवायचं ठरवलं.

का, ते सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल माणूस नुसता चिक्कू होता. त्यांची बायको, म्हणजे काकू, वळसंगच्या पुढं, रस्त्यापासून आत असलेल्या एका खेड्यात माहेरच्या घरी राहायच्या. आई अंथरुणाला खिळली म्हणून गेल्या होत्या. आई गेली, तरी काकू परत आल्या नाहीत. भांडण झालं नव्हतं. मूलबाळ नव्हतं. भाऊ आपल्या संसारासकट रानातल्या वस्तीवर, आणि गावातल्या घरात ह्या एकट्या. इकडं सोलापुरात काका एकटे. दर रविवारी काका जीपनं जायचे, दुपारी जेवायचे आणि दिवेलागणीच्या आत परत यायचे. दोघांमधे तेवढाच धागा उरला होता. काकूंनी घरी परत यावं, एवढी एकच गोष्ट त्या माणसाला हवी होती, आणि ती सोडून जगातलं बाकी सगळं ते बोलायचे. म्हणजे ॲव्हरेजबद्दल बोलायचे.

"एस्टीनं का जात नाही?" मी एकदा विचारलं. "सकाळ-संध्याकाळ जाते-येते. जीपपेक्षा स्वस्त."

"एस्टीनं गेलो तर पाहुणा," काका म्हणाले. "जीपनं गेलो की फिरतीवरनं घरी आल्यासारखं वाटतं."

कुणाला वाटतं, ते त्यांनी सांगितलं नाही.

तर, उपाय. पहिला उपाय वजन. आधी मागचे दोन्ही बाक काढले. ते अंगणात भिंतीला लावून ठेवले, त्यावर संध्याकाळी गल्लीतल्या म्हाताऱ्या बसायला लागल्या. मग मागचं फळकूट गेलं, मग ताडपत्रीचा सांगाडा. सोलापूरचं ऊन म्हणजे काय ते ज्यांना ठाऊक आहे त्यांनी विचार करावा! डोक्याला ओला पंचा गुंडाळून हे गृहस्थ उघड्या जीपमधून निघायचे. शेवटी ड्रायव्हरच्या शेजारची सीटही काढली. मी म्हटलं, "अहो काका, ही तरी राहू द्या." तर म्हणाले, "शेजारी बसतंय कोण? रिकामी सीट कशाला वाहायची?" आणि पाना घेऊन पुन्हा खाली वाकले. मी खोलीत जाऊन पोरींचे निबंध तपासत बसले.

दुसरा उपाय टायर. शनिवारी संध्याकाळी पायपंप घेऊन असे टणक फुगवायचे की रविवारी परत आल्यावर कमरेला शेक घ्यायला लागायचा. मग प्लग. ते काढून तारेच्या ब्रशानं घासायचे, उन्हात धरून बघायचे, परत घासायचे. कोपऱ्यावर एक गॅरेजवाला होता, दखनी बोलणारा, मोठा मिश्कील. तो येता-जाता हाक मारायचा, "साब, गाडी पेट्रोल पिती, तुमारा हिसाब नै पिती!" काका त्याला उत्तर द्यायचे नाहीत. बोलण्यातही ताकद जाते असं त्यांचं मत होतं.

निघण्याआधी ते समोरच्या देवळाचं निशाण बघायचे. निशाण पूर्वेकडं फडफडत असलं की खूश. "जाताना वारा पाठीशी आहे, बाई. येताना बघू." ब्रेकचा तर त्यांना राग होता. ब्रेक लावणं म्हणजे पेट्रोल रस्त्यावर ओतणं, असं म्हणायचे. हळूहळू हे सगळं घरातही शिरलं. दूध वर यायच्या आत स्टोव्ह बंद, उरलेलं काम भांड्याच्या उष्णतेनं व्हावं. रस्त्यानं चालताना सावलीची बाजू धरायची, चढ आला की पुढं वाकायचं. एकदा मी वर्गात ओरडून ओरडून घसा बसवून आले आणि रोजच्यासारखा काकांना चहा नेऊन दिला, तर मला म्हणाले, "तुम्ही पहिल्या गिअरमधेच शिकवता, बाई. जरा बदला." आता सांगायला हरकत नाही, त्या दिवसापासून मी वर्गात हळू बोलायला लागले आणि पोरी जास्त ऐकायला लागल्या.

आणि ह्या सगळ्यांवर कडी म्हणजे भाकरी. सोलापूरची कडक भाकरी ज्यांनी खाल्ली नाही त्यांना सांगते. ज्वारीचीच, पण पापडासारखी पातळ, वरून तीळ लावलेली, भाजून पार वाळवलेली. कितीतरी दिवस टिकते आणि जरा दाबली की कडाड्‌. काकू दर रविवारी आठवड्याची चवड फडक्यात बांधून काकांबरोबर द्यायच्या. काका त्यातली एक चतकोर बाजूला काढायचे आणि जीपच्या ॲक्सिलरेटरखाली, पेडल आणि पत्रा यांच्या मधे, उभी खोचायचे. पाय बेतानं ठेवला तर भाकरी शाबूत. जरा जोर दिला की मोडली. मोडली म्हणजे पेट्रोल उधळलं.

"लाकडाचा ठोकळा ठोका की," मी म्हटलं.

"ठोकळा पायाला अडवतो," काका म्हणाले. "मोडेल असं काहीतरी पायाखाली असलं, की माणूस जपून वागतो."

असा माणूस!

तर तो रविवार. काकूंनीच निरोप पाठवला होता, कोण भाडेकरीण ठेवलीय ती एकदा बघू द्या म्हणून. सीट नसल्यामुळं काकांनी माझ्यासाठी साबणाची रिकामी लाकडी पेटी पालथी घालून दोरीनं बांधली. मी एका हातानं पदर आणि दुसऱ्या हातानं समोरची दांडी धरून बसले. गाडी इतकी हळू की एक सायकलवाला आम्हाला मागं टाकून गेला आणि जाताना वळून हसला. पुढं रस्त्यात मेंढरांचा कळप आला. दुसरा कुणी असता तर जवळ जाऊन थांबला असता. काकांनी लांबूनच पाय काढला आणि जीप रांगवत ओरडायला लागले, "ओ पाव्हणं! मेंढरं बाजूला घ्या! मला थांबायला लावू नका!"

धनगर काठीवर हनुवटी टेकून उभा. "थांबा की सायेब. सकाळच्या पारी एवढी कशाची घाई हाय?"

"घाई नाही हो! थांबायचं नाही, एवढंच!"

तो बिचारा बघतच राहिला. आणि खरंच, जीप न थांबता मेंढरांच्या मधून पाण्यासारखी वाट काढत गेली. काकांच्या चेहऱ्यावर असं समाधान की जणू धरण बांधलं.

गावाच्या अलीकडं एक टेकाड आहे. त्याच्या माथ्यावर गेलो आणि काकांनी इंजिन बंद केलं. तिथून उतार थेट काकूंच्या दारापर्यंत. एकदम सगळं गप्प झालं. टायरखालची खडी तेवढी कुरकुरत होती. "हा शेवटचा तुकडा फुकट," काका हळूच म्हणाले, आणि आम्ही आवाज न करता जाऊन काकूंच्या ओट्याला लागलो.

काकू परकराच्या कापडाची गोधडी उन्हात टाकत होत्या. दचकल्या. "अगं बया! आलासा व्हय?" मग मला हाताला धरून आत नेलं. ठेंगणी, काळीसावळी, डोळे भारी बोलके. "लई वाळलीस की गं. तितं खातीस का न्हाय काय?" काका बाहेर ओट्यावर बसले, जणू ती त्यांची नेमून दिलेली जागा होती. काकू चुलीपुढं बसल्या आणि मला म्हणाल्या, "तुज्याशी बोलत्यात का?"

"बोलतात की, काकू."

"काय बोलत्यात?"

मी आठवायला लागले. शेवटी म्हटलं, "वारा कुठल्या बाजूचा आहे ते."

काकू खूप हसल्या. पदरानं डोळे पुसले. मग म्हणाल्या, "हितं बी त्येच. मला पेट्रोलचं समदं ठावं झालंय. बाकीचं काय ठावं न्हाय."

भाकरी थापता थापता त्या बोलत राहिल्या. माणूस खूप दिवसांनी बोलायला मिळालं की बोलतं तसं. "लगीन झाल्यापास्नं फिरती. यायचं, मळकी कापडं टाकायची, धुतलेली घ्यायची, की चालले. म्या म्हनायची, असू दे, सरकारी चाकरी हाय. रिटायर झाले की बसतील घरात. सकाळचा च्या दोगं मिळून पिऊ. तर रिटायर काय झाले, ती जीपच आनून दारात उभी केली! मला बघून म्हनले, बघ, आपलीच झाली आता. म्या मनात म्हनलं, ह्या मानसाची फिरती काय सरत न्हाय. मग मी बी जाते एकदा फिरतीवर. आई आजारी हुतीच."

"मग आता येत का नाही परत?"

"बोलावलं तर यीन की. पर बोलवायला त्वांड उघडावं लागतं." भाकरी तव्यावर पडली. "आदी निदान आवाज तरी यायचा. वड्यापास्नं जीपचा आवाज आला की मी च्याचं आदन ठिवायची. सोलापुरात हुते तवाबी, समदी हयात, त्या आवाजावर च्या ठिवला. आता त्येबी बंद केलंय. दारात येऊन उभे ऱ्हातात तवा कळतं."

बाहेर तो माणूस शेवटचा तुकडा फुकट आल्याच्या आनंदात बसलेला, आणि आत ही बाई त्या आवाजासाठी कान लावून. मला उठून दोघांनाही गदागदा हलवावंसं वाटलं.

तेवढ्यात बाहेर गडबड झाली. काकूंची शेळी दावं तोडून जीपमधे चढली होती. दार नाही, फळकूट नाही, तिला कोण अडवणार! काकू "हाड्‌! हाड्‌!" करत धावल्या, मी त्यांच्यामागं. शेळी पुढच्या पत्र्यावर गुडघे टेकून पेडलखालची चतकोर ओढून खात होती. काकूंनी तिला शिंगाला धरून बाहेर काढली आणि तिच्या तोंडातला तुकडा हिसकून घेतला. तो तळहातावर ठेवून त्या बघत राहिल्या. तीळ होते त्याच्यावर.

"ही माजी भाकरी हाय," त्या म्हणाल्या. "ही हितं कशी आली?"

आणि माझे हे घरमालक, देवा रे, त्यांना वाटलं आपल्याला आता कौतुकानं विचारताहेत! ते ओट्यावरून उठून आले आणि उत्साहानं सगळं समजावून सांगायला लागले. पेडल असं, पत्रा असा, मधे भाकरी अशी. काकूंचा चेहरा बदलत गेला तो त्यांना दिसेना.

"अन्नावर पाय देता तुमी?"

"अगं, पाय लागतच नाही! लागला तर मोडते ना! हीच तर गंमत आहे. आज बघ, सोलापूरपासून इथपर्यंत एकदाही मोडली नाही."

"मी हितं धुरात बसून थापते." काकूंचा आवाज चिरका झाला होता. "आटवडाभर तुमच्या पोटात दोन घास जावं, मानूस तितं एकटं हाय, म्हनून थापते. आनि तुमी ती मोटारीच्या पायात घालता? कशापायी? एवढं समदं कशापायी करता, ते एकदा सांगा मला."

शेळीसुद्धा चघळायची थांबली. मी दारात उभी, जणू मलाच उत्तर द्यायचंय. मनात म्हटलं, बोला काका, आता बोला. हीच वेळ आहे. त्या स्वतःहून विचारताहेत. काकांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, परत घातला. काकूंकडे बघितलं, मग जीपकडे बघितलं, आणि म्हणाले, "तू सोलापूरला राहायला आलीस, तर दर आठवड्याचं पेट्रोल वाचेल."

काकू त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग हळू म्हणाल्या, "मग येऊ नका की."

आणि आत गेल्या.

जेवायला वाढलं त्यांनी. वाढण्यात काही कमी केलं नाही. शेंगांची चटणी, दही, गरम भाकरी, सगळं. पण कुणी कुणाशी बोललं नाही. निघताना भाकऱ्यांचं फडकं त्यांनी काकांच्या हातात दिलं नाही. माझ्या हातात दिलं. "तू खा," म्हणाल्या.

परतीच्या वाटेवर उतार आले आणि गेले, काकांनी इंजिन बंद केलं नाही. वळसंग मागं पडल्यावर म्हणाले, "मी काय चुकीचं बोललो?"

मी तशीही तोंडाची फटकळ. म्हटलं, "पेट्रोलचं कशाला काढलंत? 'ये' म्हणायचं होतं. एक अक्षर!"

काकांनी गिअर बदलला. मग खरोखरच्या आश्चर्यानं म्हणाले, "तेच तर म्हटलं मी."

त्यानंतरचा काळ वाईट गेला. रविवार आला की काका पहाटे उठायचे, आंघोळ करायचे, धुतलेलं धोतर नेसायचे, जीप पुसायचे, आणि तिच्यात बसून इंजिन चालू करायचे. जायचे मात्र नाहीत. अंगणातच बसून राहायचे. रेल्वे फाटक लागलं की आगगाडी दिसायच्या आत इंजिन बंद करणारा माणूस, तो चालू जीपमधे बसून समोरच्या भिंतीकडे बघायचा. धुरानं नळावरच्या बायका खोकायच्या, पण कुणी बोलायचं नाही. गॅरेजवाला एकदा आला, बराच वेळ उभा राहिला, आणि त्यानंही थट्टा केली नाही. "साब, जाना नै तो बंद कर देव," एवढंच म्हणाला. काका म्हणाले, "राहू दे. बॅटरी उतरते."

मी त्यांना त्या फडक्यातली भाकरी दिली तर घेतली नाही. "तुम्हाला दिलीय ती," म्हणाले. त्यांच्या खोलीतून आधी रात्री रेडिओ तरी ऐकू यायचा, तोही बंद झाला. इतकं मोठं घर, त्यात आम्ही दोन माणसं, भिंतीच्या अलीकडं एक, पलीकडं एक. मला शाळेतून परत यायचा कंटाळा यायला लागला. वाचनालयात उगीच बसून राहायची.

आणि एका दिवशी त्यांनी जीप विकली. सांगोल्याकडचा एक मेंढ्यांचा व्यापारी घेऊन गेला. मागचे बाक, सीट, फळकूट, ताडपत्री, सगळं काकांनी स्वतःच्या हातानं परत बसवून दिलं. तो चालू करून जायला निघाला तर ह्यांनी खिडकीशी, म्हणजे जिथं खिडकी असती तिथं, वाकून सांगितलं, "पाय हलका ठेवा." तो "व्हय व्हय" म्हणाला आणि गल्लीच्या तोंडापर्यंत भणाणत गेला. काका आवाज विरेपर्यंत उभे होते.

मी शाळेतून आले तर अंगण रिकामं. मला एकदम इतका संताप आला! म्हटलं, "काका, हे काय केलंत?"

"ती येऊ नका म्हणाली. मग गाडी कशाला?"

"ते तुम्हाला नव्हतं म्हटलं हो! त्या जीपला म्हटलं होतं! जन्मभर दारात येऊन इंजिन चालू ठेवणाऱ्याला म्हटलं होतं!" आणि मग काकूंनी चुलीपुढं जे सांगितलं होतं ते सगळं मी सांगून टाकलं. चहाचं, आवाजाचं, मळक्या कपड्यांचं, सगळं. कुणी सांगितलं होतं सांगू नको म्हणून? काका बाकाच्या जागी, आता बाक नव्हता, भिंतीला टेकून खालीच बसले. मग म्हणाले, "आवाजावर चहा ठेवायची?"

"हो."

"मला वाटायचं, चहा नेहमी तयारच असतो."

शनिवारी संध्याकाळी मी त्यांना बजावलं, "उद्या एस्टीनं जायचं."

"पाहुण्यासारखं वाटेल."

"मग व्हा पाहुणे. आणि वाऱ्याचं बोलायचं नाही. पेट्रोलचं तर नावच काढायचं नाही."

"मग काय बोलू?" ते घाबरूनच गेले.

"काही बोलू नका. नुसते बसा."

मी स्वतः स्टँडवर सोडायला गेले. हातात छत्री, काखेत पिशवी, रांगेत उभे. जन्मभर सरकारी जीपमधे बसलेला माणूस, त्याला खिडकीची जागा धरताही येईना. मीच आत घुसून रुमाल टाकला. बस सुटली तेव्हा त्यांनी मला हात केला नाही, समोर बघत बसले होते.

संध्याकाळची बस आली तशी मी अंगणात उभी. आमच्या गल्लीतला एक गिरणीतला माणूस रविवारी गावाकडनं त्याच बसनं यायचा, तो आला. काका आले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाहीत. माझ्या मनात नाही नाही ते आलं. मंगळवारी सकाळी मी शाळेला निघणार, तर काका दारात. दाढी वाढलेली, धोतर तेच, पण धुतलेलं.

"काय झालं, काका?"

त्यांनी छत्री कोपऱ्यात ठेवली. पाणी मागितलं, प्यायले.

"तुम्ही सांगितलं तसं केलं. काही बोललो नाही. दिवसभर ओट्यावर बसलो. संध्याकाळी उठून चप्पल घातली. ती म्हणाली, कुठं निघाला? म्हटलं, सोलापूरला. तर म्हणाली, गाडी तर आणली नाही, आता जाणार कशानं? म्हटलं, एस्टी आहे की. ती म्हणाली, एस्टी मघाशीच गेली."

"गेली होती?"

"नाही," काका म्हणाले. "पारापाशी उभी होती. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. तिलाही ऐकू येत होतं, मलाही."

"मग?"

"मग मी चप्पल काढली."

एवढं सांगून ते आत गेले आणि सामान काढायला लागले. दोन धोतरं, चार सदरे, रेडिओ, वाचायचा चष्मा. मी शाळेला उशीर झाला तरी तिथंच उभी. पिशवी भरताना ते म्हणाले, "बाई, ती किती बोलते हो! मला माहीतच नव्हतं." घराची किल्ली माझ्या हातात दिली, घर तुमच्यावर सोपवलं म्हणाले, आणि सकाळच्या बसला गेले. ह्या वेळी जागा मिळाली का, कुणास ठाऊक. मी सोडायला गेले नाही.

मला आनंद झाला का? झाला. खरंच झाला. पण खरं सांगते, रागही आला. दोन माणसांचं एकटेपण मिटलं आणि जाता जाता ते माझ्या हातात देऊन गेले, असं वाटलं. त्या संध्याकाळी शाळेतून आले, कुलूप काढलं. पुढच्या खोलीत अंधार, मागच्या खोलीत अंधार. मी सवयीनं मोठ्यानं विचारलं, "काका, चहा घेणार?" मग माझं मलाच कळलं, आणि मी एका कपाचं पाणी मोजून स्टोव्हवर ठेवलं.